गंगाळ, वजरी आणि वीस मिनिटं

चांगली नोकरी सोडून मिशन हॉस्पिटलात सेवेला निघालेल्यांना योहानाचा 13 वा अध्याय पाठ असतो. प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. कुष्ठरोगाच्या वॉर्डात हा अध्याय शब्दशः जगावा लागतो. तिथे तळमळ हवीच, पण नुसत्या तळमळीने जखम भरत नाही.

एमडीटीच्या (कुष्ठरोगावरच्या अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराच्या) गोळ्या रोगाच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घेतल्या की जंतू मरतात. रोगाने मेलेली संवेदनेची नस मात्र परत येत नाही. रोग बरा झाला तरी तळवा बधिरच राहतो, घाम येत नाही, कातडी सुकून भेगाळते आणि घट्टे धरते. त्या घट्ट्याचा दाब चालताना आत बसतो आणि जखम होते. दुखत नाही, म्हणून माणूस चालतच राहतो.

हे नीट उलगडलं ते शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी. लंडनचं सुखवस्तू घर सोडून तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात आलेल्या मिशनरी आईचा हा मुलगा 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाला. बोटं रोगाने आपोआप झडतात, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. खरं कारण हरवलेली वेदना आहे, हे त्यांनी दाखवलं. काही रुग्णांच्या बोटांना रात्रीतून जखमा होत. पहारा ठेवल्यावर कळलं, उंदीर कुरतडत होते. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर दिलं जाऊ लागलं!

आता पाय धुण्याचं. पाणी साधं, गार घ्या. गरम नकोच, बधिर पायाला चटका कळत नाही. घोटा बुडेल इतकं पाणी, वेळ वीस ते तीस मिनिटं. पाच मिनिटांत उरकलं तर घट्टा मऊ होत नाही, मग जोर लावला जातो आणि सालटं निघतं. ब्लेड अजिबात वापरू नका. दगडी वजरीने हलक्या हाताने, रोज थोडं थोडं घासा. पाय ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, म्हणजे मुरलेलं पाणी आत टिकतं. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या पुसा. उघडी जखम असेल तर हातमोजे घाला, कोणाच्याही जखमेला घालतो तसेच. जखम नसेल तर उघड्या हातानेच पाय धरा. औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच संपते, आणि समोरचा माणूस तुमच्या हाताकडे बघत असतो.

नव्या सेवकांची एक चूक नेहमी दिसते: रोज मलमपट्टी बदलायची आणि माणसाला तसंच चालू द्यायचं. पट्टी कितीही स्वच्छ असो, त्या पायावर भार पडतो तोवर जखम भरत नाही. विश्रांती किंवा डॉक्टरांनी घातलेलं प्लास्टर, हाच उपाय.

चप्पल निवडताना आतला एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराचा थर दोन बोटांत दाबून बघा. निम्मा दबला पाहिजे. खालचा तळ कडक, टाचेमागे पट्टा, आणि खिळा एकही नको, कारण तो वर आलेला कळणारच नाही. अंगठ्याची चप्पल पायातून निसटते आणि बेचकी सोलते. रूपाने ती चारचौघांच्या चपलेसारखीच हवी. ‘कुष्ठाची चप्पल’ म्हणून गावात ओळखू आली तर ती दाराआडच राहते.

पहिल्या आठवड्यात पाय तुम्ही धुवा. दुसऱ्यात वजरी त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसून राहा. हे फार जड जातं, कारण सेवा करण्याचा आनंद सोडावा लागतो. पण ते घरी गेल्यावर तिथे तुम्ही नसणार. हातही बधिर असतील तर वजरीला जाड मूठ बांधून द्या. आणि एक छोटा आरसा भिंतीला खाली टेकवून ठेवा, झोपण्याआधी बसल्या जागी दोन्ही तळवे दिसतील असा.