टाळ्यांआडची खरखर

जुनी लाइव्ह एलपी, म्हणजे प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित केलेली तबकडी, विकत घेण्याआधी मी टाळ्या विरतात ती जागा ऐकतो. गर्दीच्या गोंगाटात बारीक खरखर बेमालूम लपते. गायक दोन गाण्यांच्या मध्ये हळू आवाजात काही बोलू लागला, की तबकडीनं काय काय सोसलंय ते कळतं.

त्याआधी डोळ्यांनी तपासणी. ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं, म्हणून एकच दिवा, तोही तिरपा. नखाला न लागणारे ओरखडे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नख अडकलं तर मात्र टकटक ठरलेली; मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला ती दर १.८ सेकंदांनी येते. मग मधल्या भोकाभोवतीच्या रेघा. त्या जितक्या जास्त, तितक्या वेळा कुणीतरी चाचपडत तबकडी लावलेली. 'निअर मिंट', म्हणजे जवळजवळ नवीच, म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे मी आधी याच जागेचा फोटो मागतो. (काहींचं उत्तरच येत नाही. तेही उत्तरच.)

'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७० सालच्या 'लाइव्ह ॲट लीड्स'च्या लेबलावर तर लिहिलेलंच आहे, की खरखर चालेल, दुरुस्त करू नका! ती मूळ ध्वनिमुद्रणातली. तिच्यापायी प्रतीची श्रेणी उतरवणं म्हणजे अन्याय. पण या अल्बमसोबत पत्रं, पोस्टर असे सुटे कागद होते. ते नसतील तर मी भाव पाडून मागतो. कव्हरच्या कडा झिजल्या असल्या तर चालवून घेतो. वाकलेली तबकडी नाही घेत, कितीही दुर्मिळ असो.