बार्शी लाईटची मोरी आणि एक हद्दकायम मोजणी

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून केलेल्या मोजण्यांपैकी पांगरीच्या पुढे, येडशीच्या बाजूला केलेली एक हद्दकायम मोजणी, म्हणजे शेताची हद्द जागेवर ठरवून देणारी मोजणी, मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिचा निकाल बार्शी लाईट या जुन्या अरुंद रेल्वेच्या सोडून दिलेल्या मार्गाने लावला. बार्शी-लातूर हा रेल्वेमार्ग ब्रॉडगेज करताना तो धाराशिवकडून वळवण्यात आला आणि पांगरी ते येडशी हा जुना सरळ टप्पा सुटला. रूळ निघाले, भराव मात्र शेतांमधून तसाच राहिला.

त्या भरावाला लागून असलेल्या दोन गटांच्या खातेदारांमध्ये सामाईक बांधावरून वाद होता. मूळ टिपणातला, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांच्या कच्च्या नकाशातला, एकही हद्दीचा दगड जागेवर सापडेना, आणि दोघे दाखवत असलेल्या वहिवाटीत बैलगाडी जाईल एवढे अंतर पडत होते. टिपण साखळी-आण्यांत होते, म्हणजे 33 फुटांची साखळी आणि तिचे 16 आणे. ही मापे कितीही काळजीपूर्वक मीटरमध्ये उतरवली, तरी ती जमिनीवर कुठून लावायची हा प्रश्न उरतोच. आधार सापडला तो रेल्वेसाठी जमीन संपादित झाली तेव्हाच्या कमी-जास्त पत्रकात, म्हणजे जमिनीतल्या बदलांची नोंद असलेल्या कागदात. त्यात रेल्वेची पट्टी दाखवलेली होती आणि तिच्यावर एक मोरी, म्हणजे भरावाखालून ओढ्याचे पाणी जाऊ देणारा छोटा पूल, होती.

ती मोरी आम्ही बाभळी तोडून मोकळी केली. काळ्या दगडाचे घडीव चिरे, कोपऱ्याचे दगड एकसारख्या मापाचे, सांधे इतके घट्ट की सुरीचे पाते जाऊ नये. ओढ्याचे पाणी इतकी वर्षे आतून वाहत असूनही एकही चिरा हललेला नव्हता. ही रेल्वे स्वस्तात बांधलेली होती, म्हणून तिचे काम कच्चे असेल असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने काटकसर केली ती रुळांच्या वजनात आणि मार्गाच्या रुंदीत. अडीच फुटांचा गेज, यार्डाला केवळ 30 पौंड वजनाचे रूळ, आणि त्यांवरून धावणारे इंजिन असो वा मालाची वाघीण, एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, पाच टनांहून अधिक भार येणार नाही अशी सर्व गाड्यांची आखणी. रूळ हलके ठेवूनही भरपूर माल वाहता आला तो भार असा वाटून दिल्यामुळे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग बार्शीच्या व्यापारपेठेला वळसा घालून गेला होता. कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत न्यावे लागे. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये निजामाच्या हद्दीतले लातूर आणि 1927 मध्ये मिरज असा तो वाढत गेला. कंपनी लंडनची होती. 1 जानेवारी 1954 रोजी ती सरकारने ताब्यात घेतली.

मोरीचा मध्य हा एक बिंदू झाला, पण एका बिंदूवर दिशा ठरत नाही. भराव तेथे वळणात होता. त्याच्या कडा नांगराने खाल्ल्या होत्या, त्यामुळे कडेवरून माप धरणे धोक्याचे होते. मोजणी पाहायला गावातले एक निवृत्त गँगमन, म्हणजे रेल्वेमार्गाची देखभाल करणारे कामगार, आले होते. ते म्हणाले, "साहेब, कडा सोडा. मधल्या गिट्टीवर दोरी ताणा आणि दोरीच्या मध्यापासून वळण किती सुटतं ते बघा. आम्ही गाडीचं वळण असंच तपासायचो." मी म्हणालो, "आजोबा, मग पहिलं टोक तुम्हीच धरा." माती बाजूला करून जुन्या गिट्टीचा थर जिथे जिथे उघडा पडला, तिथे आम्ही दोरी लावली, आणि प्रत्येक ठिकाणी मधले अंतर जवळजवळ सारखेच आले. रूळ गेलेले असताना एखादे वळण इतके नियमित राहावे, हे मला फार मोलाचे वाटले; मार्ग आखणाऱ्यांइतकेच त्याचे श्रेय तो वर्षानुवर्षे सब्बलीने सरळ करत राहिलेल्या गँगचे आहे.

वळणाची मध्यरेषा मोजणीच्या यंत्रावर घेऊन पत्रकातल्या पट्टीवर बसवली, तशी पट्टीची हद्द आणि तिला टेकणारे बांधाचे टोक निश्चित झाले. तेथून टिपणाची मापे टाकल्यावर दुसरे टोक एका जुन्या विहिरीच्या नोंदीशी जुळले. बांध दोन्ही वहिवाटींच्या मधून गेला. दोन्ही खातेदारांनी स्वतः मापे पुन्हा धरून पाहिली आणि पंचनाम्यावर सह्या केल्या. भराव अर्थातच रेल्वेच्या हद्दीत राहिला, आणि त्यावर कोणाचाही हक्क सांगता येणार नाही हे जबाबात स्पष्ट नोंदवले.

नकाशावर मी मोरी तिच्या मापांसह दाखवली आणि शेऱ्यात ती कायम खूण म्हणून नमूद केली. अशा सुटलेल्या मार्गांवरचे दगड बांधकामासाठी उचलून नेले जातात. या पट्ट्यातल्या पुढच्या प्रत्येक मोजणीला ती मोरी लागणार आहे, म्हणून तिचे चिरे हलवू नयेत असे मी दोन्ही घरांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवले आहे.