त्या वाक्यात गाय कुठे आहे?

इटालियनच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात आत्मवाचक क्रियापदांचा धडा एका आदर्श माणसाच्या सकाळपासून सुरू होतो. हा गृहस्थ सात वाजता उठतो, मि आल्त्सो; आंघोळ करतो, मि लावो; कपडे घालतो, मि वेस्तो. उठणं, धुणं, पेहराव करणं ही सगळी कामं इटालियन माणूस व्याकरणात स्वतःच स्वतःवर करतो, म्हणून क्रियापदाआधी तो 'मि' येतो. सगळी क्रियापदं नियमित, सगळी गुणी बाळं.

मी शिकवते तो संध्याकाळचा वर्ग उत्तर इटलीत, क्रेमोना जिल्ह्यातल्या एका गावात भरतो. क्रेमोना म्हटलं की लोकांना व्हायोलिन आणि स्त्रादिवारी आठवतो. पण शहराबाहेर पडलात की मक्याची शेतं, गोठे आणि ग्राना पादानो चीजच्या डेअऱ्या. या गोठ्यांत दूध काढणारे बहुतेक गडी पंजाबी. गवळ्याला इथला जुना लोंबार्द शब्द 'बेर्गामिनो', आणि आजचा बेर्गामिनो पगडी बांधतो. पेसीना क्रेमोनेजेला 2011 साली मोठा गुरुद्वारा झाला, तो याच मंडळींच्या घामातून. माझे विद्यार्थी हेच. मी "मि आल्त्सो आल्ले सेत्ते" म्हटलं की वर्गात हशा पिकतो, कारण पहाटेच्या धारेसाठी ते दोनला उठतात. राहण्याच्या दीर्घ मुदतीच्या परवान्यासाठी त्यांना इटालियनची ए-टू पातळीची परीक्षा लागते, नागरिकत्वासाठी 2018 पासून तिच्यावरची बी-वन. त्यामुळे दमलेले असले तरी येतात.

सकाळी मी दुसरं काम करते, भाषिक मध्यस्थाचं. दवाखाना, शाळा, सरकारी कचेरी, जिथे बोलणं अडेल तिथे जायचं. मूळची मी कोल्हापूरची. हिंदी येते, पंजाबी इथे राहून कानावर पडत पडत आली.

त्या दिवशी आठच्या सुमाराला इस्पितळाच्या अपघात विभागातून फोन आला. पोचले तर माझ्याच वर्गातले एक पाजी (पंजाबीत थोरल्या भावाला म्हणतात ते, आपले दादा) बाकड्याशेजारी उभे. उजवा हात छातीशी धरलेला, मनगटाखाली टम्म सुजलेला. पहाटे कासेला यंत्राचे पेले लावताना गायीने लाथ झाडली आणि हात लोखंडी कठड्यावर आपटला. नर्सबाईंनी काय झालं विचारल्यावर पाजींनी सांगितलं होतं, "ओ फात्तो माले." त्यांना म्हणायचं होतं, मला लागलंय. पण इटालियनमध्ये याचा अर्थ होतो, मी वाईट केलं, माझं चुकलं. बाई बिचाऱ्या गोंधळल्या. हा माणूस सुजलेला हात दाखवून माफी कशाची मागतोय?

आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सी सिएदा." पाजी उभेच. बसणं, 'सेदेर्सी', हे सगळ्यात आधी शिकवायला हवं असं क्रियापद. शाळा, बँक, दवाखाना, कुठेही गेलं की पहिली आज्ञा तीच. पण ते अनियमित, म्हणून पुस्तकात मागे ढकललेलं. मि सिएदो, ती सिएदी, सी सिएदे, आणि मधेच ची सेदियामो, वी सेदेते. आघात धातूवर पडला की 'ए'चा 'इए' होतो, शेवटाकडे सरकला की परत 'ए'. आदरार्थी आज्ञा 'सी सिएदा'. पाजींना त्यांच्या कामावर कुणी कधी आदरार्थी बोललंच नव्हतं. त्यांच्या कानाची ओळख "सिएदिती", "तोल्यिती दी ली", म्हणजे बस रे, हो तिथून बाजूला, एवढ्याचीच.

ते ध्यानात आलं एक्स-रेच्या वेळी. तंत्रज्ञाने हात प्लेटवर नीट ठेवला, काचेमागे गेला आणि म्हणाला, "नोन सी मुओवा." हलू नका. पाजींनी त्यातला 'मुओ' तेवढा ऐकला. रोज पहाटे मुकादम ओरडतो तो शब्द "मुओविती!", हल, आटप. पाजी दचकून ताठ उभे राहिले. दुसऱ्या वेळीही तेच. शेवटी मी काचेमागून पंजाबीत ओरडले, "हिल्लणा नईं!" तेव्हा कुठे हात जागेवर राहिला.

त्याआधी कड्याचं प्रकरण झालं होतं. उजव्या मनगटात पोलादी कडं आणि सूज वर चढत चाललेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "से लो तोल्गा." ते काढा. 'तोल्येर्सी', अंगावरचं काढणं. मि तोल्गो, सी तोल्गोनो. पण ती तोल्यी, सी तोल्ये. ग् आणि ल् जागा बदलतात आणि शिकणारा रडकुंडीला येतो. माझ्या वर्गाला मी एक किल्ली देते: 'मी'चं रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढून 'आ' लावा, आदरार्थी आज्ञा तयार. तोल्गोचं तोल्गा, सिएदोचं सिएदा, वादोचं वादा. बहुतेक अनियमितांना ती चालते. आल्त्सार्सीसारख्या, 'आरे' गटातल्या नियमितांना मात्र 'इ' लागतो, सी आल्त्सी.

पण इथे अडचण व्याकरणाची नव्हती. कडं म्हणजे शिखांनी सतत अंगावर बाळगायच्या पाच खुणांतलं, पाच ककारांतलं एक, अलंकार नव्हे. मी बाईंना ते सांगितलं आणि पाजींना सांगितलं, सूज अशीच वाढली तर कापून काढावं लागेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग साबण मागितला, नर्सबाईंनी तो दिला, आणि कडं ओढताना त्यांच्या कपाळावर घाम फुटला. ते निघालं तसं त्यांनी डाव्या हाताने टेबलावर ठेवलं, नर्सबाईंपुढे डावा पंजा धरला आणि म्हणाले, "मे लो मेत्तो क्वी." मी ते इथे घालतो. कुणी न सांगता, न चुकता! मेत्तेर्सी, त्यात 'मि'चा 'मे' झालेला, पुढे 'लो'. वर्गात या 'मे लो'साठी मी डोकं आपटत असते. नर्सबाईंनी कडं डाव्या मनगटात सरकवलं.

फोटोत पाचवं मेटाकार्पल, म्हणजे करंगळीमागचं हाड, मोडलेलं दिसलं. पाजी फोटोकडे बोट दाखवत जोरात म्हणाले, "मि सोनो रोत्तो." रात्रपाळी संपवून घरी जायच्या बेतात असलेल्या डॉक्टरीणबाई उत्तरल्या, "आंकियो." मी पण. आणि नर्सबाई तोंडावर हात धरून हसल्या. काय मोडलं ते न सांगता नुसतं 'मि सोनो रोत्तो' म्हटलं की बोलीत त्याचा अर्थ होतो, वैताग आलाय, पुरे झालं. पुढे 'ला मानो' जोडलं की मग हात मोडला. पाजींना अर्थ कळला तेव्हा ते म्हणाले, "दीदी, वो भी सही है."

खरा पेच शेवटी आला. कामावरचा अपघात म्हटला की डॉक्टर प्रमाणपत्र भरून थेट इनाईलला पाठवतात. इनाईल म्हणजे कामगारांच्या अपघात विम्याची सरकारी संस्था. त्यात घटनेचं वर्णन रुग्णाच्या सांगण्यावरून लिहितात. बाईंनी विचारलं, "कोमे सी ए फात्तो माले?" कसं लागलं? पाजींना हे आपल्या तोंडाने इटालियनमध्ये सांगायचं होतं. वाक्य काय म्हणून विचारलं, मी सांगितलं: मि सोनो फात्तो माले दुरांते ला मुंजितूरा. धार काढताना मला लागलं.

ते एकेक शब्द जोडीत गेले. "मि... सोनो... फात्तो..." आणि थांबले. 'फात्तो' त्यांना ठाऊक होता, केलं. 'मि' त्यांना त्याच मि आल्त्सोवाल्या धड्यातून ठाऊक होता, स्वतःला. माझ्याकडे वळून म्हणाले, "ख़ुद को किया? मैंने? दीदी, लात तो गाँ ने मारी. ये नहीं बोलूँगा."

आपण म्हणतो 'मला लागलं', पंजाबीत म्हणतात 'मैनूं सट्ट लग्गी'. दोन्हीकडे करणारा कुणीच नाही, लागणं आपसूक येतं आणि मला येऊन भिडतं. इटालियन मात्र वाक्यात कर्ता बसवते आणि तो जखमी माणूसच असतो. मराठीत जवळचं काही शोधायचं तर 'घेणे' लावून बोलतो ते: हात मोडून घेतलास ना! आई असं म्हणते तेव्हा ती चौकशी नसते, ठपका असतो. पाजींच्या कानाला 'मि सोनो फात्तो माले' तसंच वाजलं. विम्याच्या कागदावर आपणच आपलं करून घेतल्याची कबुली कोण देईल? मला तर त्यांचा तर्क बिनतोड वाटला. क्रियापदाचे भाग सुटे करून बघणारा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं, आणि तो मला मिळाला होता प्लास्टरच्या खोलीत.

मी दोन्ही बाजूंना सांगितलं. पाजींना हे, की इटालियन कानाला यात दोष ऐकू येत नाही, आपली काही चूक नसली तरी माणूस 'मि सोनो फात्तो माले'च म्हणतो. शिवाय इनाईलचा विमा दोष बघून मिळत नाही. कामगाराचा निष्काळजीपणा असला तरी भरपाई मिळते, मुद्दाम केलेलं असेल तर नाही. आणि बाईंना हे, की रुग्णाला कर्ता व्हायचं नाही, गायीला करायचं आहे. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "पण बरोबरच आहे की त्यांचं," म्हणाल्या, आणि आधी टंकलेलं खोडून नव्याने लिहिलं: धार काढताना गायीच्या लाथेने उजवा हात लोखंडी दांडीवर आदळला. वाक्याला कर्मणी रूप, 'मि' नाही, 'फार्सी' नाही. (हे फार्सी इराणचं नव्हे, 'फारे'चं आत्मवाचक रूप. वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतंच.)

छापील कागद हातात आल्यावर पाजींनी मला विचारलं, यात गाय कुठे आहे? मी 'बोवीनो' शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी तो स्वतः वाचला, कागदाची घडी घातली. विश्रांती तीस दिवस, गुंतागुंत न झाल्यास. तीन दिवसांच्या वर विश्रांती लिहिली की मालकाला दोन दिवसांत इनाईलकडे अपघाताची नोंद करावी लागते, हेही मी समजावलं. पण त्यांचं लक्ष फोनकडे होतं. दुपारच्या धारेला कोण जाणार ते ठरवायचं होतं.

पुढच्या वर्गाला पाजी प्लास्टरसकट आले आणि गोष्ट माझ्याआधी सगळ्यांना ठाऊक होती. मी सातला उठणाऱ्या गृहस्थाला सुट्टी दिली आणि फळ्यावर लिहिलं: मि सोनो रोत्तो ला मानो. खाली: मे ला सोनो रोत्ता. लगेच मागून प्रश्न, बोलणारा पुरुष, मग 'रोत्ता' का? मी विचारलं, तुम्ही काय म्हणता, मैं रोटी खाद्धा? नाही, खाद्धी. रोटी स्त्रीलिंगी म्हणून. इथे 'ला' आधी आला, हात इटालियनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून रोत्ता. मराठीत 'मी पोळी खाल्ली' म्हणणाऱ्यालाही हे सोपंच जातं.

मग फर्माइशी सुरू झाल्या. डॉक्टर काय काय म्हणतात ते सगळं द्या: सी स्तेंदा, सी जिरी, सी रिवेस्ता. झोपा, वळा, कपडे घाला. ते झाल्यावर एक तरुण पोरगा, कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, मालकाला 'मी चाललो' कसं सांगायचं? कायमचं. 'आन्दार्सेने', अनियमित क्रियापदांतलं सगळ्यात अवघड पात्र. मे ने वादो. ते ने वाई. से ने वा. त्याने लिहून घेतलं. उद्या जाईन? मे ने आंद्रो. गेलो? मे ने सोनो आंदातो. गेलो असतो? मे ने सारेई आंदातो. "ये वाला," तो म्हणाला, "दो बार लिखवाओ." वर्ग हसला, पण तो हसत नव्हता. मी दोनदा लिहिलं.