गाडी आवडली, पण आरसीवर बँकेचं नाव

आज एक सेकंडहँड गाडी बघून आलो. इंजिनाचा आवाज मऊ, स्टेपनी तर रस्त्याला लागलेलीच नाही. "फक्त ऑफिसला जायची हो" (हे वाक्य प्रत्येक विकणाऱ्याला पाठ असतं बहुतेक!). मग आरसी मागितली. हायपोथिकेशनच्या (म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असल्याच्या) रकान्यात बँकेचं नाव. मालक म्हणाले, "अहो, थोडेच हप्ते राहिलेत. तुम्ही पैसे द्या, मी उद्या भरून टाकतो."

माणूस वाईट नाही वाटला. पण कर्ज फिटेपर्यंत गाडीवर बँकेचा हक्क. त्यांनी हप्ते थकवले, तर गाडी माझ्या दारातून उचलली जायची. मी म्हटलं, बँकेकडून फोरक्लोजर लेटर आणा. त्यात नेमकी बाकी असते आणि ती कोणत्या तारखेपर्यंत धरायची तेही, कारण व्याज रोज चढतं. तेवढी रक्कम मी थेट तुमच्या कर्जखात्यात भरतो, उरलेली रक्कम एनओसी (कर्ज फिटल्याचं बँकेचं ना-हरकत पत्र) हातात आल्यावर तुम्हाला. आणि नुसत्या एनओसीनं भागत नाही, आरसीवरचा बोजा वेगळा अर्ज करून उतरवावा लागतो.

जरा गप्प झाले. मग, "घरी बोलून सांगतो."

बघू. तोवर दुसऱ्या गाड्याही बघतोय.