भिगवणला फ्लाइट शॉटसाठी जाताय? आधी होडीचं नीट बोलून घ्या

कालच भिगवणहून, उजनी धरणाच्या पाण्यावरच्या पक्ष्यांचे उडतानाचे फोटो (फ्लाइट शॉट) काढून आलोय, खांदे अजून ठणकतायत, पण हे आत्ताच लिहून टाकतो, कारण सीझन चालू आहे आणि दर शनिवार-रविवारी पुण्यातून कितीतरी गाड्या तिकडे जातात. जे आमच्या बाबतीत झालं ते बाकीच्यांना भोगायला लागू नये.

फोनवर स्पष्ट ठरलं होतं, होडीचे पंधराशे, दोन तास, चौघं जण. पहाटे चारला हडपसर सोडलं आणि उजाडायच्या आत भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर पोचलो तर तिथे भलताच माणूस उभा. म्हणाला माणशी सातशे, मोठी लेन्स असेल तर कॅमेऱ्याचे दोनशे वेगळे, आणि गाइड घ्यावाच लागतो त्याचे पाचशे. म्हणजे पंधराशेचे सरळ एक्केचाळीसशे. त्या वेळी उजेड फुटत असतो, लांब पाण्यावर गुलाबी रेघ दिसायला लागलेली असते, अशात वाद घालत बसायची कुणाची तयारी नसते आणि हे त्यांना बरोबर माहीत असतं. म्हणून फोनवरच विचारा: रेट होडीचा की माणशी, किती तास, कॅमेऱ्याचे वेगळे लागतात का, गाइड धरून की सोडून, आणि होडी नेमकी कोण चालवणार. सगळं व्हॉट्सअॅपवर होडीवाल्याकडून लिहून घ्या. तोंडी ठरलेल्याला काठावर काहीही किंमत नाही.

सगळेच असे नाहीत हेही सांगतो. उजनीत जमिनी गेलेल्या घरातली, मासेमारी करणारी माणसं आहेत ही, यातल्या कित्येकांना कुठला पक्षी कुठल्या चरीत बसतो ते आपल्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं. असा माणूस मिळाला तर मागेल तेवढे द्या.

पण पैशापेक्षा मला जास्त राग आला तो पुढच्या प्रकाराचा. आमचा होडीवाला फ्लेमिंगोंच्या थव्यावर सरळ होडी घालत होता, बांबू पाण्यावर आपटून थवा उठवत होता, आणि वर आम्हालाच सांगत होता की घ्या आता फ्लाइट शॉट. आम्ही नको म्हटल्यावर म्हणे सगळ्यांना हेच पाहिजे असतं. एक तर हे पक्षी इथे खायला आणि अंगात ताकद भरायला येतात, पट्टकादंब (बार-हेडेड गूज) तर हिमालय ओलांडून येतात, त्यांना दिवसातून दहा वेळा उडवायचं म्हणजे निव्वळ छळ. आणि फोटोच्या दृष्टीनेही हे फालतूच, कारण घाबरलेला थवा तुमच्यापासून लांब पळतो आणि कार्डावर नुसत्या शेपट्या येतात. कुरवांना (सीगल) शेव-फरसाण फेकणं हा दुसरा प्रकार. होडीत पुडा दिसला की तिथेच नाही म्हणा.

खरे फ्लाइट शॉट थांबल्यावर मिळतात. पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उडतात आणि उतरतातही वाऱ्याच्या तोंडालाच. त्यामुळे वारा तुमच्या पाठीकडून येत असेल आणि सूर्यही पाठीशी असेल अशी जागा बघून होडी उभी करायला सांगा, इंजिन असेल तर बंद, आणि गप्प बसा. अर्ध्या तासात थवा स्वतःहून हलतो. फ्लेमिंगो उडायच्या आधी माना ताठ करतात, सगळे एका दिशेला चालायला लागतात आणि मग पाण्यावर पळत पळत उठतात. माना वर झाल्या की कॅमेरा डोळ्याला लावा, तेवढा वेळ पुरतो.

आता सेटिंग. आमच्याबरोबर आलेल्या दोघांना निघायच्या आधी कुणीतरी सांगितलं होतं की पक्षी मोठा असला की एक हजारांश सेकंद शटर पुरे. साफ चुकीचा सल्ला. चालणाऱ्या बगळ्याला पुरेल, पण पाण्यावर पळणाऱ्या फ्लेमिंगोच्या पायाशी जे थेंब उडतात ते त्यात पुसले जातात आणि पंखांची टोकंही. मोठ्या पक्ष्याला १/२००० च्या खाली जाऊ नका, नदी सुरयसारख्या (रिव्हर टर्न) चपळ पक्ष्याला १/३२०० धरा. मोड मॅन्युअल, अॅपर्चर लेन्सचं सगळ्यात मोठं म्हणजे एफ ५.६ किंवा ६.३ (थवा आडवा पसरलेला असेल आणि उजेड असेल तर एफ ८), आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ऑटोवर. सकाळी सातला तो ३२००, कधी ६४०० वर जाईल, जाऊ दे. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर सॉफ्टवेअरमध्ये कमी होतो, हललेला पंख कुठेच दुरुस्त होत नाही.

ऑटो आयएसओ असला तरी बऱ्याच बॉडींमध्ये एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) चालतं आणि भिगवणला त्याचं चाक सतत फिरवावं लागतं. पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर उणे ०.७, नाहीतर पिसांचं डिटेल जातं. तोच पक्षी वर आकाशात गेला की अधिक ०.७ ते १. हे बोटांना न बघता जमलं पाहिजे, घरी गच्चीवरून घारींवर प्रॅक्टिस करून मगच या.

फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे सतत फिरणारा, आणि तो शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटनावर (बॅक बटन). थव्यात बर्ड आय डिटेक्शन (पक्ष्याचा डोळा आपोआप शोधणारा फोकस) सारखं या पक्ष्यावरून त्या पक्ष्यावर उडी मारतं, तिथे फोकसचा लहान झोन जास्त भरवशाचा. लेन्सला लिमिटर असेल तर लावा म्हणजे फोकस जवळच्या अंतरात भटकत नाही. मिररलेसवाल्यांनी सायलेंटच्या मोहात पडून इलेक्ट्रॉनिक शटर ठेवू नये, सेन्सर हळू वाचणारा असेल तर पंख वाकडे येतात. आणि बर्स्ट (एका दमात सलग फोटो) छोटे छोटे मारा. आमच्यातल्या एकाने पहिल्या उड्डाणालाच बोट दाबून धरलं, बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरला, आणि पाठोपाठ ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) मासा घेऊन उठला तेव्हा त्याचा कॅमेरा कार्डावर फोटो लिहीत बसला होता.

तो ऑस्प्रे! पाय पुढे करून पाण्यात पडला, क्षणभर दिसेनासा झाला, मग जड पंखांनी वर आला, हवेतच अंग झाडलं आणि माशाचं तोंड पुढे करून आमच्या डोक्यावरून गेला. मला सलग फ्रेम मिळाल्या, १/३२००, डोळा शार्प, थेंबन्‌थेंब वेगळा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिथे परत जाईन, एक्केचाळीसशे मात्र पुन्हा देणार नाही.

साडेनऊनंतर पाण्यावर कॅमेरा आत ठेवा. ऊन तापलं की हवा थरथरते, लांबचा पक्षी कुठल्याही सेटिंगला मऊच येतो, आणि लोक उगाच लेन्सला शिव्या घालतात. तेव्हा गावात चुलीवरची भाकरी आणि चिलापी खा. दुसरा दिवस डिकसळच्या बाजूला काठाकाठाने फिरलो, मस्त गेला.

ट्रायपॉड होडीत निरुपयोगी आहे, बीन बॅग घ्या, होडीच्या काठावर टेकवून लेन्स खाली आणली की पक्ष्याच्या डोळ्याची पातळी (आय लेव्हल) मिळते. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत चढू नका, कितीही उथळ वाटलं तरी. मे २०२४ मध्ये याच उजनीत वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले.

आणि निघायच्या आधी गावात फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. फ्लेमिंगोंना उथळ चिखल लागतो. पावसाळा जोरात होऊन धरण काठोकाठ असेल तर डिसेंबरात कुणी कितीही गॅरंटी दिली तरी जाऊ नका, फेब्रुवारी-मार्च धरा. फ्लेमिंगो नको असतील, फक्त पट्टकादंब, चक्रवाक आणि सुरय चालणार असतील, तर जानेवारीतच जा.