औषध विषारी नव्हतं

नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, मी टेक्निशियन आहे. आमच्याकडे विस्टार जातीचे पांढरे रॅट (मोठे उंदीर) जास्त, थोडे माइस (छोटे उंदीर) आणि मोजके ससे. पिंजऱ्यात अंथरायला भाताचा तूस घोटीच्या गिरणीवरून येतो, तो ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून वापरतो. लोकांना वाटतं आम्ही घाण काढणारी माणसं. घाण तर काढतोच, पण खरं काम बघण्याचं. रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबायचं. खाद्य किती उरलं, बाटलीतलं पाणी किती उतरलं, लेंड्या कशा पडल्यात, कोण अंग फुगवून बसलंय. मुक्या जिवाची तक्रार अशीच वाचावी लागते.

मार्च महिना होता. एम.फार्म.च्या एका मुलीचा प्रयोग सुरू होता. एका वनस्पतीचा अर्क 28 दिवस रोज तोंडावाटे द्यायचा आणि शरीरावर काय परिणाम होतो ते पाहायचं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 407 नंबरची गाइडलाइन, म्हणजे अशा चाचणीची ठरलेली पद्धत. चार गट, प्रत्येक गटात पाच नर, पाच माद्या, म्हणजे एकूण 40 रॅट. कंट्रोल गटाला औषध नाही, बाकी तिघांना कमी, मधला आणि जास्त डोस. ओळखू यावेत म्हणून कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीच्या बुडाशी पिक्रिक ॲसिडची पिवळी खूण.

दुसरा आठवडा लागला आणि एका सकाळी ती पोरगी धावतच बाहेर आली. "दादा, हाय डोसवाल्यांच्या डोळ्यांतून रक्त येतंय!"

आत जाऊन पाहिलं. डोळ्यांभोवती तांबडे कड, नाकाच्या शेंड्याला तसाच सुकलेला रंग. एकाला हातात घेऊन पुढचे पाय उलटून पाहिले, तर आतल्या बाजूची पांढरी लव गुलाबी-तपकिरी झालेली. रॅट सारखा तोंड पुसतो, त्यामुळे तो रंग तिथे लागतो. वजनंही उतरली होती. तिच्या गाइड सरांना तिने फोन केला तेव्हा ते म्हणाले, विषाची लक्षणं असू शकतात, नोंद कर.

ते रक्त नसावं असं मला वाटत होतं. रॅटच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचं तांबडं द्रव्य असतं. जनावर ताणात असलं, आजारी असलं, पाणी कमी पडलं की तो स्राव वाढतो आणि वेळच्या वेळी पुसलाही जात नाही. ओल्या कापसाने एकाचा डोळा हलकेच टिपला आणि तो कापूस घेऊन तिच्यासोबत फायटोकेमिस्ट्रीच्या (वनस्पतींच्या रसायनांच्या) लॅबमध्ये गेलो. तिथे अर्कातले घटक वेगळे करायच्या टीएलसीच्या प्लेटा बघायचं यूव्ही (अतिनील) दिव्याचं कॅबिनेट आहे. 365 नॅनोमीटरचा दिवा लावला आणि कापसावरचा डाग गुलाबी-लाल चमकायला लागला. रक्त असं चमकत नाही, ते काळपट दिसतं. पोरीच्या जिवात जीव आला. पण मग ताण कशाचा, हा प्रश्न तसाच होता. औषधाचाही असू शकतो.

परत येऊन मी त्या रॅकपुढे उभा राहिलो. पिंजरे डोसच्या क्रमाने लावलेले होते: दाराजवळ कंट्रोल, मग कमी, मग मधला, अगदी शेवटी भिंतीकडे जास्त डोस. डोस देताना गफलत होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी असंच लावतात. त्या टोकाला सगळ्यात खालच्या फळीवर राखीव रॅटचा एक पिंजरा होता. त्यांना औषधाचा थेंबही मिळालेला नव्हता. तो ओढून काढला. त्यांच्याही डोळ्यांना तांबडे कड.

मग आमच्या मामांना हाक मारली. मामा म्हणजे आमचे जुने अटेंडंट. दोघांनी मिळून सगळं तपासलं. प्रत्येक बाटलीची नळी बोटाने दाबून पाहिली, थेंब येत होता. खाद्याची गोणी तीच, जी बाकीच्या पिंजऱ्यांना. तापमान 24 च्या आसपास, दिव्याचा टायमर बारा तास चालू, बारा तास बंद. तुसाला अमोनियाचा वास नाही.

नीट बघितल्यावर एक गोष्ट दिसली. त्या टोकाचे सगळे रॅट पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते. मी एक पिंजरा अलगद उलटा फिरवून ठेवला. म्हणजे ते आता भिंतीच्या बाजूला आले. थोडा वेळ तसेच बसले, मग एकेक करून परत लांबच्या कोपऱ्यात गेले. दुसरा फिरवला. तेच. जे काही होतं ते भिंतीकडून येत होतं.

त्या भिंतीला जुन्या एक्झॉस्ट फॅनची जागा आहे, तिला बारीक जाळी मारलीय. पलीकडे खाद्याचं स्टोअर. कॉलेजच्या शेजारी शेती आहे. गव्हाची सोंगणी झाली की शेतातले उंदीर आसरा शोधत येतात आणि आमच्या गोण्या कुरतडतात. स्टोअरमध्ये जाऊन पाहतो तर जाळीसमोरच्या सॉकेटमध्ये एक पांढरं, मुठीएवढं यंत्र, त्यावर निळा दिवा. पेस्ट कंट्रोलवाला लावून गेला होता, उंदीर पळवायला. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. रॅटला 70–80 किलोहर्ट्झपर्यंतचा. त्यांचं एकमेकांशी बोलणंसुद्धा त्याच वरच्या पट्टीत चालतं: धोका दिसला की 22 च्या आसपास, खेळात असले की 50 च्या आसपास. हे यंत्र त्याच पट्टीत रात्रंदिवस ओरडत होतं. शेतातल्या उंदराला नकोसं झालं तर तो निघून जातो. पिंजऱ्यातल्याने कुठे जायचं?

मी खटकन ते उपटलं. त्या पोरीला रडू आवरेना. इतके दिवस मी रोज त्यांना उचलून डोस देत होते आणि मला काही कळलं नाही, असं म्हणत होती. तिला कसं कळणार? मलाही काही ऐकू आलं नव्हतं. पुढच्या काही दिवसांत डोळे स्वच्छ झाले, रॅट पुन्हा पिंजराभर पसरून झोपायला लागले, खाद्यही संपायला लागलं.

पण प्रयोग गेला. कोणता परिणाम अर्काचा आणि कोणता आवाजाचा, हे आता वेगळं करता येणार नव्हतं. सरांनी एथिक्स कमिटीला लगेच लेखी कळवलं. बैठकीला मलाही बोलावलं. समोर पशुवैद्य, बाहेरचे शास्त्रज्ञ, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीचे, म्हणजे सीसीएसईएचे प्रतिनिधी आणि समाजातून घेतलेल्या एक बाई. त्या बाईंनी विचारलं, "हे लक्षात आलं नसतं तर?" सर म्हणाले, "अर्क जास्त डोसला विषारी आहे असं लिहून मोकळे झालो असतो."

प्रयोग नव्याने करायला मंजुरी मिळाली. अट अशी की गटांचे पिंजरे रॅकवर मिसळून ठेवायचे आणि दर आठवड्याला जागा बदलायची. जागेचा परिणाम कमीत कमी राहावा असे पिंजरे लावा, हे त्या गाइडलाइनमध्येच लिहिलेलं आहे. हे मी आता नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवतो. जाळीच्या जागी विटांचं बांधकाम झालं. आमच्या मजल्यावर कुठलंही यंत्र लावण्याआधी ॲनिमल हाऊसच्या रजिस्टरमध्ये सही लागते.

राखीव आणि कंट्रोल गटातले रॅट विद्यार्थ्यांना हाताळणी शिकवायला ठेवून घेतले. डोस दिलेले 30 मात्र नियमाप्रमाणे भूल देऊन मारावे लागले. त्यांच्या मरणातून शिकण्यासारखं काहीच हाती आलं नाही, याचा राग मला अजून येतो. प्रयोगातला जीव जाणार हे मी रोज पाहतो, ते मी स्वीकारलंय. तो फुकट जावा, हे मला चालत नाही.

नव्या 40 रॅटचा प्रयोग पावसाळ्यात पूर्ण झाला. त्या मुलीने वजनाचा आलेख छापून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. जास्त डोसची रेघ शेवटच्या दिवसापर्यंत कंट्रोलच्या रेघेला लागूनच होती.