घरचा एपी अपडेट: मेन नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३ वर, बल्ब-प्लग वेगळे काढले

मंडळी, घरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचं (एपी, म्हणजे वायफाय देणारा डबा) काम बरंच मार्गी लागलंय म्हणून अपडेट टाकतोय. राउटर एमटी७६२१ चिपवाला, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, वर ओपनडब्ल्यूआरटी २३.०५ (राउटरसाठीची ओपन सोर्स सिस्टिम). एमटी७६ ड्रायव्हर ओपन सोर्स आहे, त्यामुळे या चिपवर वायफाय मस्त चालतं, सेकंडहँड राउटर घेणार असाल तर आधी आत चिप कुठली ते बघा आणि मग किमतीचं बोला.

रचना साधी आहे. फायबरवाल्यांचा ओएनटी (त्यांनी बसवलेला डबा) १९२.१६८.१.१ वर राउटिंग करतो, त्याचं वायफाय आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) दोन्ही बंद. आपला एपी १९२.१६८.१.२ वर, केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात, लॅनवरचा डीएचसीपी (डिव्हाइसना पत्ते वाटणारी सेवा) बंद. डब्ल्यूपीएस बंद करायचा कंटाळा करू नका प्लीज, पिन दिसायला ८ आकडी आहे पण शेवटचा आकडा चेकसम आणि तपासणी दोन तुकड्यांत होते, म्हणजे फार तर ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो, आणि हे २०११ पासून सगळ्यांना माहीत आहे.

आता मुख्य मुद्दा, डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या पासवर्ड-सुरक्षेची नवी पद्धत (जुनी ती डब्ल्यूपीए२). बहुतेक जण डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड मोड लावून मोकळे होतात आणि डब्ल्यूपीए३ झालं असं समजतात, माझ्या मते ते अर्धंच काम आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये कोणी हँडशेक (जोडणीच्या वेळची देवाणघेवाण) पकडला की घरी बसून निवांत लाखो पासवर्ड लावून बघता येतात, डब्ल्यूपीए३ च्या एसएईमध्ये (तिच्या जोडणीच्या पद्धतीत) प्रत्येक अंदाज लाइव्ह नेटवर्कलाच विचारावा लागतो. पण मिक्स्ड मोडमध्ये तुमच्याच नावाचा खोटा डब्ल्यूपीए२ एपी उभा करून फोनला खाली ओढता येतं, २०१९ च्या ड्रॅगनब्लड रिसर्चमध्ये हेही दाखवलं होतं. शिवाय मिक्स्डमध्ये मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांचं संरक्षण) ऑप्शनल ठेवावं लागतं, शुद्ध डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचं आहे, त्यामुळे खोट्या डीऑथ फ्रेम (जोडणी तोडणारे संदेश) पाठवून तुमचा फोन कोणी पाडू शकत नाही.

अडचण नव्या फोन-लॅपटॉपची नसते, ते एसएई घेतात. अडतं ते ईएसपी८२६६ (साधी वायफाय चिप) वाल्या स्मार्ट बल्ब आणि प्लगपाशी, त्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ कळतं. त्या चार बल्बांसाठी अख्खं घर खालच्या पातळीवर ठेवणं मला पटत नाही, म्हणून दोन एसएसआयडी (नेटवर्कची नावं) केले. मेन नेटवर्क शुद्ध एसएई. दुसरं २.४ वर डब्ल्यूपीए२, पासवर्ड पूर्ण वेगळा आणि लांबलचक (एकच पासवर्ड दोन्हीकडे ठेवला तर वेगळं केल्याचा उपयोगच नाही), क्लायंट आयसोलेशन (डिव्हाइसना एकमेकांशी बोलू न देणं) ऑन.

या दुसऱ्या नेटवर्कच्या फायरवॉलकडे नीट लक्ष द्या. डंब एपीच्या (राउटिंग न करता फक्त वायफाय देणाऱ्या) गाइडमध्ये बरेचदा डीएनएसमास्क (डीएनएस-डीएचसीपी चालवणारी) आणि फायरवॉल सर्व्हिस बंद करायला सांगतात, इथे दोन्ही चालू लागतात, डीएचसीपी फक्त लॅन इंटरफेसवर इग्नोर करायचा. बल्बांना १९२.१६८.३०.१/२४, वेगळा झोन (फायरवॉलमधला गट), इनपुट रिजेक्ट (एपीकडेच येणारं नाकारायचं), त्यात फक्त डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) आणि डीएचसीपीला परवानगी. या झोनमधून लॅनकडे फॉरवर्डिंग द्यायचं आणि लॅन झोनवर मास्करेडिंग (बल्बांचं ट्रॅफिक एपीच्याच पत्त्याने पाठवणं) ऑन करायचं, कारण ३०.x कडे परत यायचा रस्ता ओएनटीला माहीतच नसतो. मग एक ट्रॅफिक रूल, या झोनमधून १९२.१६८.१.०/२४ ला जाणारं सगळं रिजेक्ट. इंटरनेट यात अडत नाही, कारण त्या पॅकेटवर पत्ता बाहेरच्या सर्व्हरचा असतो, ओएनटी फक्त वाटेत लागतो. फोन या नेटवर्कवर टाकून तपासलं, वेबसाइट उघडतात, १.१ चं (ओएनटीचं) पान काही केल्या उघडत नाही, हवं होतं तेच.

चॅनलचं थोडक्यात. कंट्री कोड आयएन (भारत). सोसायटीत २.४ वर भयंकर गर्दी आहे, १, ६, ११ पैकीच एक घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली की शेजाऱ्यांचंही वाटोळं आणि आपलंही. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल ५२ लावून बघितला, तिथे रडार आहे का हे ऐकायला आधी ६० सेकंद कान देऊन बसावं लागतं, तोवर लॉगमध्ये डीएफएस-सीएसी-स्टार्टची ओळ आणि वायफाय गायब. चालतं छान, पण लाइट गेली-आली की दरवेळी ती वाट बघणं नको, म्हणून चॅनल ३६ वर ८० मेगाहर्ट्झ ठेवलंय.

एसएसआयडी लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक डिव्हाइसच्याच मॅक पत्त्यांना परवानगी) दोन्ही लावले नाहीत. लपवलेलं नाव फोन स्वतःच शोधताना हवेत ओरडत फिरतो, मॅक पत्ता तर कोणालाही हवेतून वाचता येतो.

आता बेडरूममध्ये दुसरा एपी टाकायचाय, मधल्या आरसीसी भिंतीमुळे ५ चा सिग्नल तिकडे फारच पडतो. दोन्ही एपींमध्ये ८०२.११आर, म्हणजे फोनला एका एपीवरून दुसऱ्यावर पटकन नेणारं फास्ट ट्रान्झिशन, चालू करणार आहे. एसएईसोबत फास्ट ट्रान्झिशन कोणी रोज वापरत असेल तर कुठल्या फोनना त्रास होतो ते सांगा, म्हणजे घरातले फोन त्याप्रमाणे तपासून मगच चालू करतो.